पाने सोनेरी की फुले निळी? गोल्डन ड्युरांटाविषयी वाचकांची पत्रे

पावसाळा तोंडावर आला की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत दरवर्षी गुलाब आणि मोगरा यांची गर्दी असते. या वेळी मात्र पत्रांचा मोठा गठ्ठा एकाच झुडपाविषयीचा निघाला, म्हणून या अंकातील सदर आम्ही त्यालाच दिले आहे. गोल्डन ड्युरांटा हे नाव सर्वांना ठाऊक असेलच असे नाही, परंतु सोसायटीच्या फाटकालगत, शाळेच्या आवारात किंवा रस्त्याच्या दुभाजकावर गुडघाभर उंचीची, सुरीने वडी पाडावी तशी कापलेली पिवळीधमक ओळ पाहिली नाही असा वाचक विरळाच. याचे शास्त्रीय नाव ड्युरांटा इरेक्टा असे असून ते घाणेरीच्या कुळातील आहे. मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेपर्यंतचा प्रदेश आणि वेस्ट इंडिजची बेटे हे त्याचे मूळ घर होय. एका वाचकाने हे नाव ‘दुरंतो’वरून आले का, असे विचारले आहे. त्याचा रेल्वेशी काही संबंध नाही. सोळाव्या शतकातील कास्तोरे दुरांते या इटालियन वैद्य आणि वनस्पतिज्ञाच्या स्मरणार्थ ते दिलेले आहे.

प्रश्न : आमच्या सोसायटीत तीन वर्षांपूर्वी गोल्डन ड्युरांटाची सुमारे साठ रोपे कुंपणाच्या कडेने लावली. निळ्या फुलांचे घोस आणि त्यानंतर केशरी फळे येतात, असे रोपे देताना रोपवाटिकेतील गृहस्थांनी सांगितले होते. पाने उत्तम आहेत, पण आजवर एकही फूल दिसलेले नाही. माळी दर तीन आठवड्यांनी छाटणी करतो आणि दोन महिन्यांनी युरिया देतो. आणखी कोणते खत द्यावे? शिवाय अलीकडे ओळीच्या तळाशी पाने गळून नुसत्या काड्या दिसू लागल्या आहेत, त्यावर उपाय काय?
(एक वाचक, पुणे)

उत्तर : आपल्या झाडांना खत कमी पडलेले नाही, कात्री जास्त झाली आहे. ड्युरांटाची फुले नव्या धुमाऱ्यांच्या टोकांना आणि टोकाजवळच्या पानांच्या बगलेत येतात. धुमारा फुटावा, लांबावा, थोडा पक्व व्हावा आणि मग त्याच्या शेंड्याला घोस लागावा, या क्रमाला काही महिने मोकळीक लागते. आपला माळी दर तीन आठवड्यांनी नेमका तोच शेंडा काढून टाकतो. त्यामुळे झाड फुलत नाही असे म्हणण्यापेक्षा त्याला फुलण्याइतका वेळ आपण कधी दिलेलाच नाही, असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल.

यातली गंमत अशी की, ज्या छाटणीमुळे फुले जातात, त्याच छाटणीमुळे पानांचे सोने टिकते. या जातीची कोवळी पालवी सर्वांत पिवळी असते. पान जून होत गेले की ते पोपटी आणि पुढे हिरवट होते. वारंवार कापल्याने झाडावर सतत नवी पालवी राहते आणि ओळ लांबूनही झळकते. म्हणजे एकाच ओळीकडून वर्षभर झळझळीत पिवळा रंग आणि वर फुलेही मागणे हे परस्परविरोधी आहे. कोणत्या झाडाकडून काय हवे, हे आधी ठरवावे लागते, आणि बहुतेक सोसायट्यांत ते कोणी ठरवतच नाही. माळ्याच्या हातात यंत्र असते आणि समोर हिरवे-पिवळे जे दिसेल ते एका उंचीत आणले जाते.

साठपैकी सगळीच झाडे मोकळी सोडावीत, असे आम्ही सुचवणार नाही. ओळीच्या दोन्ही टोकांची आणि वळणावरची मिळून चार-पाच झाडे निवडावीत आणि त्यांच्या बाजूची एकेक रोपे काढून त्यांना निदान चार फुटांची ऐसपैस जागा द्यावी. निवडलेल्या झाडांना लाल फडक्याची चिंधी ठळकपणे बांधावी आणि ती कापू नयेत, असे माळीबुवांना समक्ष सांगावे. चिंधीचा उल्लेख क्षुल्लक वाटेल, परंतु मोकळे सोडायचे म्हणून जपलेले झाड बदली माळ्याने एका सकाळी सपाट केल्याची उदाहरणे आमच्या पाहण्यात आहेत. या झाडांची छाटणी वर्षातून एकदाच, फळे ओसरल्यावर, करावी आणि तीही शेंड्यांची नव्हे; सर्वांत जुन्या फांद्यांपैकी सुमारे एक तृतीयांश फांद्या बुडातून काढाव्यात, म्हणजे झुडपाचा नैसर्गिक, कमानीसारखा झुकणारा आकार राहतो. पुण्यासारख्या हवेत फेब्रुवारीचा शेवट हा त्यासाठी बरा काळ आहे.

तरीही एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. ही सोनेरी जात पानांसाठी निवडलेली आणि वाढवलेली आहे. मोकळी सोडली तरी तिची फुले बेताचीच असतात. फुलांचा बहर हाच आपला मुख्य हेतू असेल, तर हिरव्या पानांचा ड्युरांटा आणावा. त्याच्या एका प्रकाराची फुले गडद जांभळी आणि पाकळ्यांच्या कडा चुन्याची रेघ ओढावी तशा पांढऱ्या असतात. लोंबणाऱ्या घोसांवर फुलपाखरे आणि भुंगे दिवसभर घिरट्या घालतात. हे झुडूप पुरुषभर उंचीच्याही वर जाते आणि काही फांद्यांना काटे असतात, म्हणून ते पायवाटेला खेटून न लावता सोनेरी ओळीच्या मागे पाच-सहा फुटांच्या अंतराने लावावे. पुढे कापलेला पिवळा पट्टा आणि मागे मोकळा जांभळा बहर ही रचना आम्हाला, खरे सांगायचे तर, साठ रोपांच्या एकसुरी ओळीपेक्षा कितीतरी अधिक आवडते.

आता तळाच्या काड्यांविषयी. आपली ओळ वरून रुंद आणि खाली अरुंद कापली जात असणार. वरचा भाग छत्रीसारखा पसरला की खालच्या फांद्यांना ऊन मिळत नाही आणि त्या पाने टाकतात. ओळीचा छेद पायथ्याशी रुंद आणि माथ्याशी किंचित निमुळता ठेवावा. सध्या उघडी पडलेली ओळ पहिल्या दमदार पावसानंतर जमिनीपासून सुमारे दीड फुटावर एकदा कठोरपणे कापावी. दोन-तीन आठवडे ती भकास दिसेल आणि सभासद तक्रारी करतील, पण बुडातून नवे फुटवे येतील. युरिया मात्र थांबवावा. नुसत्या नत्राने मऊ, लुसलुशीत वाढ होते, तिच्यावर मावा चटकन बसतो आणि फुलांच्या दृष्टीने तिचा उपयोग शून्य. जूनमध्ये आणि दिवाळीनंतर प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी दोन ओंजळी कुजलेले शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड मिसळली तरी भागते.

प्रश्न : पूर्वेकडील बाल्कनीत गोल्डन ड्युरांटाच्या दोन कुंड्या आहेत. आणल्या तेव्हा झाडे लिंबासारखी पिवळी होती, चार महिन्यांत पोपटी झाली आणि आता साध्या मेंदीसारखी हिरवी दिसतात. त्यांपैकी एका कुंडीत तर एक फांदी इतरांपेक्षा गडद हिरवी असून ती झपाट्याने वर निघाली आहे. झाड निरोगी दिसते म्हणून ती ठेवली आहे. हे योग्य केले का?
(एक वाचिका, नाशिक)

उत्तर : आपल्या पत्रात दोन वेगळी कारणे एकत्र आली आहेत.

दोन्ही झाडे सरसकट हिरवी होण्याचे कारण ऊन कमी पडणे हे आहे. या पानांत हरितद्रव्य कमी असते, म्हणून एरवी त्याच्याआड झाकलेली पिवळी रंगद्रव्ये दिसून येतात. प्रकाश कमी झाला की झाड आपल्या गरजेपोटी पानातील हरितद्रव्य वाढवते आणि पिवळा रंग त्याखाली दडतो. झाडाच्या दृष्टीने हे शहाणपणच आहे, तक्रार आपली आहे. समोर इमारत असलेल्या पूर्वेच्या बाल्कनीत दोन-अडीच तासांपेक्षा अधिक थेट ऊन क्वचितच मिळते, आणि रंग टिकण्यासाठी ते निदान पाच-सहा तास हवे. कुंड्या गच्चीत किंवा दक्षिणेच्या कठड्याशी नेता येत असतील तर न्याव्यात. मात्र एकदम नेऊ नयेत, कारण सावलीत तयार झालेली पाने अचानक मिळालेल्या उन्हाने करपतात. आठ-दहा दिवस रोज थोडा वेळ वाढवत न्यावे. जुनी पाने पुन्हा पिवळी होणार नाहीत. हलकी छाटणी करून येणाऱ्या नव्या पालवीवर रंग दिसेल.

दुसऱ्या कुंडीतील गडद हिरवी फांदी ही वेगळी बाब आहे. सोनेरी जात ही मूळ हिरव्या झाडातील बदलातून जपलेली आहे आणि एखाद्या डोळ्यातून कधीकधी तो बदल उलटून मूळचे हिरवे रूप परत येते. सावलीमुळे आलेला हिरवेपणा झाडभर पसरलेला असतो, तर असे उलटलेले रूप एकाच फांदीपुरते, भर उन्हातही गडद राहते, हा ओळखण्याचा सोपा फरक आहे. हरितद्रव्य भरपूर असल्याने ती फांदी अधिक अन्न तयार करते, म्हणून जोरात वाढते आणि वर्षा-दोन वर्षांत सोनेरी फांद्यांना सावलीत ढकलून कुंडीचा ताबा घेते. ती अर्ध्यावर न कापता जिथून निघाली आहे तिथून, खोडाला लागून, आजच काढावी.

प्रश्न : घराच्या पश्चिमेला लावलेली रोपे एप्रिल-मे महिन्यांत करपली. काही पानांच्या कडा तपकिरी झाल्या, काही पाने अगदी पांढुरकी पडली. जमीन काळी व चिकण असून पाणी बोअरचे आहे. झाड सोनेरी असल्याने रोग कोणता आणि रंग कोणता, हेच कळेनासे झाले आहे.
(एक वाचक, अकोला)

उत्तर : आपली अडचण खरी आहे, कारण हिरव्या झाडाचा पिवळेपणा नजरेत भरतो, पण मुळातच पिवळ्या असलेल्या पानातील बिघाड ओळखायला बारकाईने पाहावे लागते. निरोगी सोनेरी पान तुकतुकीत आणि सर्वत्र सारख्या रंगाचे असते. ज्या पानावर शिरा तेवढ्या हिरवट राहून मधला भाग कागदासारखा पांढुरका पडतो आणि हे शेंड्याच्या कोवळ्या पानांवर आधी दिसते, तिथे लोहाची कमतरता समजावी. वऱ्हाडातील काळ्या जमिनीत चुन्याचे प्रमाण बहुधा जास्त असते. लोह मातीत असूनही अशा जमिनीत ते मुळांना उचलता येत नाही, आणि बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने त्यात भरच पडते. चिलेटेड स्वरूपातील लोह कृषी सेवा केंद्रात मिळते. पाकिटावरील प्रमाणात ते पाण्यात विरघळवून सायंकाळी पानांवर फवारावे आणि पंधरा दिवसांनी पुन्हा द्यावे. जमिनीत शेणखत किंवा गांडूळखत सातत्याने घालत राहणे हा त्यावरचा सावकाश पण टिकाऊ उपाय आहे. पावसाचे पाणी साठवणे शक्य असेल तर ते या झाडांना अवश्य द्यावे.

तपकिरी कडांचे कारण पश्चिमेचे ऊन आणि तापलेली भिंत. आपल्याकडे पारा 45 अंशांच्या आसपास जातो, तेव्हा हरितद्रव्य कमी असलेल्या पानांना तो ताप सोसत नाही. नवी लागवड पूर्वेला किंवा दुपारनंतर सावली येईल अशा जागी करावी. आहे ती झाडे हलवायची नसतील, तर मार्चनंतर छाटणी पूर्ण बंद ठेवावी, कारण वरचा जून पाला हीच आतल्या पालवीची छत्री असते. ती कापून कोवळा पाला उघडा केला की तो आठवडाभरात जळतो. आळ्यात वाळलेल्या पानांचे किंवा उसाच्या पाचटाचे तीन-चार बोटे जाड आच्छादन घालावे. रोज चुळकाभर पाणी देण्याऐवजी दोन-तीन दिवसांआड, पण खोलवर मुरेल असे द्यावे. कापायचेच असेल तर ते मृगाचा पाऊस पडल्यावर कापावे.

प्रश्न : शेजाऱ्यांच्या ड्युरांटाला केशरी, मोत्यांसारख्या फळांचे सुंदर घोस येतात. माझी चार वर्षांची मुलगी भातुकलीत ती ‘लाडू’ म्हणून मांडते. ही फळे विषारी असतात असे कोणी म्हणते, तर बुलबुल ती खातात म्हणून निर्धोक आहेत, असे कोणी सांगते. खरे काय?
(एक वाचिका, ठाणे)

उत्तर : ती फळे विषारी आहेत. फळांत आणि पानांत सॅपोनिन गटातील द्रव्ये असतात आणि ती खाल्ल्याने लहान मुलांना, पाळीव कुत्र्यांना व जनावरांना विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत. पक्षी ती खुशाल खातात, परंतु पक्ष्याला पचते ते माणसाला पचतेच असे नाही. मुलगी चार वर्षांची आहे, म्हणजे समजावल्याने पूर्ण भागेल असे गृहीत धरू नये. भातुकलीसाठी दुसरी निरुपद्रवी फळे द्यावीत आणि हात लागेल इतक्या उंचीवरचे घोस कच्चे असतानाच कापून टाकण्याची विनंती शेजाऱ्यांना करावी. मुलाने फळ खाल्ल्याचे कळले, तर उलटी करवण्याचे घरगुती प्रयोग न करता झाडाची डहाळी सोबत घेऊन तत्काळ डॉक्टरांकडे जावे. मळमळ, उलट्या, जुलाब किंवा गुंगी येण्याची वाट पाहू नये. कुंपणाची कापलेली डहाळी शेळ्यांना किंवा गाईला टाकण्याची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे, तीही या झाडाच्या बाबतीत कटाक्षाने टाळावी.

बुलबुलांचा विषय निघाला आहे म्हणून सांगतो की, पक्ष्यांनी दूरवर नेलेल्या बियांमुळे ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडसारख्या भागांत ड्युरांटा तण म्हणून रानात पसरला आहे. ज्यांची बाग जंगलाला किंवा ओढ्याला लागून आहे, त्यांनी फळे धरू न देता फुले ओसरताच घोस कापावेत.

प्रश्न : पुण्याला आईच्या अंगणात गोल्ड माउंडची झुडपे आहेत. इथल्या नर्सरीत त्याच नावाची पाटी पाहून हौसेने दोन रोपे आणली. पाने सोनेरी आहेत, पण दातेरी. जूनमध्ये निळ्याऐवजी गुलाबी फुले आली आणि नोव्हेंबरअखेर सगळी पाने गळाली. माझ्या हातून झाड मेले का?
(एक वाचिका, न्यू जर्सी)

उत्तर : झाड मेलेले नाही आणि ते आईच्या अंगणातले झाडही नव्हे. ‘गोल्ड माउंड’ हे व्यापारी नाव दोन अगदी भिन्न झुडपांना लावले जाते. आपल्याकडील ड्युरांटा सदाहरित आणि उष्ण हवेतला आहे, तर आपण आणलेला बहुधा जपानी स्पायरिया असावा. तो गुलाबाच्या कुळातील असून थंडीत पाने टाकून झोपतो आणि वसंतात पुन्हा फुटतो. नखाने साल किंचित खरवडून आत हिरवे दिसते का पाहावे; दिसले तर निर्धास्त राहावे. त्याची फुले नव्या फुटीवरच येत असल्याने मार्चच्या सुमारास, डोळे फुगण्याआधी, फांद्या बऱ्याच खाली कापल्या तरी चालते. ही जात अडीच-तीन फुटांच्या वर फारशी जात नाही आणि तिचा पिवळा रंग वसंतात सर्वांत ताजा असतो. जपानी स्पायरिया अमेरिकेच्या पूर्व भागात ओढ्यांकाठी पसरून उपद्रवी ठरलेला आहे, तेव्हा फुले सुकताच झुबके कापून बी धरू देऊ नये.

आईकडचा ड्युरांटाच हवा असेल, तर तो तिथे कुंडीतच वाढवावा लागेल. रात्रीचे तापमान 10 अंश सेल्सिअसच्या खाली जाऊ लागले की कुंडी घरात, सर्वांत उजेडाच्या खिडकीशी आणावी आणि पाणी कमी करावे. घरातल्या उजेडात तो हिरवट होईल, पाने गाळेल, क्वचित पांढरी माशीही लागेल. मे महिन्यात बाहेर नेल्यावर पुन्हा पिवळा होईल.

प्रश्न : जुन्या गोल्डन ड्युरांटाचे बी पेरले तर उगवलेली रोपे हिरवी निघाली. असे का? फांदीपासून रोपे कशी करावीत?
(एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : बियांतून सोनेरी गुण हमखास उतरत नाही, म्हणून ही जात छाट कलमांनीच वाढवतात. जून-जुलैमध्ये न अगदी कोवळी न अगदी जून अशी, पेन्सिलीपेक्षा थोडी बारीक फांदी निवडावी आणि तिचे वीतभराचे तुकडे डोळ्याच्या लगेच खाली कापावेत. खालची पाने काढून वरची दोन-तीन ठेवावीत व ती मोठी असल्यास अर्धी कापावीत. वाळू आणि कोकोपीट समप्रमाणात घेऊन त्यात दोन डोळे मातीखाली जातील असे तुकडे खोचावेत. कुंडी सावलीत ठेवावी, ओल राहावी पण पाणी साचू नये. महिन्या-सव्वा महिन्यात मुळे धरतात. हलके ओढून पाहिल्यास काडी हाताला विरोध करते. कलमांसाठी फांदी घेताना ती पूर्ण सोनेरी आहे ना, हे उन्हात नेऊन पाहावे, कारण हिरव्या रूपाकडे उलटलेल्या फांदीपासून केलेली सगळी रोपे हिरवीच होतील. कुंपणासाठी रोपे जमिनीत लावताना दोन रोपांत एक फूट अंतर ठेवावे आणि रोप वीतभर वाढले की पहिला शेंडा खुडावा. तो खुडायला मन धजत नाही, पण न खुडल्यास पुढे ओळ तळाशी विरळच राहते.